शेवगावला जाणारा केक

गाडीचा एसी बिघडायला वर्षातले आठ महिने मोकळे असतात. अमोलिक सरांच्या गाडीच्या एसीला त्यातला एकही पसंत पडला नाही. एप्रिल संपत आला, बेलापूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं आणि जेनिफरच्या लग्नाला चोवीस दिवस उरले, तेव्हा त्याने मान टाकली. आधी आतून ओल्या पोत्याचा वास यायला लागला. मग वारा कमी झाला. सरांनी बटण चारवर फिरवलं की आवाज चारचा यायचा आणि वारा दोनचा.

दुसरं कुणी असतं तर काचा खाली करून मोकळं झालं असतं. पण इथे प्रश्न केकचा होता.

सरांच्या पत्नी हन्नाबाई तीस वर्षं लग्नाचे केक करत होत्या. श्रीरामपूर-राहुरीकडच्या एखाद्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि केक हन्नाबाईंचा नसला, तर लोक नवरा-नवरीकडे जरा काळजीने बघत. दोन मजले, लोणी-साखरेचं पांढरंशुभ्र आयसिंग आणि कडेने गुलाब. जेनिफर पाच वर्षांची असताना कुठल्याशा परक्या नवरीचा केक दाराबाहेर जाताना बघून रडली होती. तेव्हा हन्नाबाईंनी तिला कडेवर घेऊन सांगितलं होतं, तुझा याच्याहून मोठा करीन. आता ती सत्तावीस वर्षांची झाली होती. नवरामुलगा जॉन शेवगावचा, लग्नही शेवगावच्याच चर्चमध्ये, तेवीस मेला, सकाळी अकराला. बेलापूर ते शेवगाव दोन तासांचा रस्ता, आणि लोण्याचं आयसिंग मे महिन्याच्या उन्हात वीस मिनिटं टिकलं तर नशीब.

विहीणबाई सिल्व्हिया यांनी बैठकीतच हा विषय काढला होता. "केकचं आम्ही बघतो की. नगरचे बेकरीवाले त्यांच्या गाडीतून आणून देतात. उन्हात उगाच तुमची धावपळ."

हन्नाबाई काही बोलणार, तेवढ्यात सर बोलले. "आमच्या गाडीला एसी आहे," ते म्हणाले. लोक 'आमच्या घरात कलेक्टर आहे' ज्या सुरात म्हणतात, तोच हा सूर होता. सिल्व्हियाबाईंनी मान डोलावली आणि बैठक संपली. पुढचं सगळं रामायण या चार शब्दांनी झालं, हे सरांनी अजूनही पूर्ण कबूल केलेलं नाही.

गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती सहा वर्षांची होती, पण आतून तिचं अजून बारसं व्हायचं होतं. कंपनीने सीटवर घातलेलं प्लास्टिक सरांनी काढलेलं नव्हतं. दारांच्या आतल्या बाजूचं, काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या पट्ट्यांचं, समोरच्या स्क्रीनचं, कशाचंच नाही. वस्तू टिकते, असं सरांचं म्हणणं. घरातला टीव्हीचा रिमोट, मिक्सर, सोफ्याचे हात हे सगळे याच शिस्तीत वाढलेले. शाळेत मुख्याध्यापक असताना त्यांनी पृथ्वीचा गोल अठरा वर्षं पिशवीत ठेवला होता, त्यामुळे बेलापुरातल्या बऱ्याच लोकांना ऑस्ट्रेलिया थोडा धुरकट आहे असं आजही वाटतं. मे महिन्यात त्या सीटवर बसलं की पाठ चिकटायची आणि उठताना असा आवाज व्हायचा, की जेनिफर मैत्रिणींना गाडीत घेत नसे. सर मात्र पुनर्विक्रीच्या किमतीबद्दल बोलत. गाडी विकायचा त्यांचा विचार कधीच नव्हता.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी शोरूममधल्या कुणा उत्साही मेकॅनिकने गिअरच्या मुठीवरचं प्लास्टिक काढून टाकलं होतं. त्या दिवशी सरांनी शोरूमला जे ऐकवलं, ते ऐकून चहावाला आल्या पावली परत गेला होता. तेव्हापासून गाडी देताना जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने सूचना लिहायची, असा नियम झाला. यावेळीही नगरच्या शोरूममध्ये त्यांनी लाल पेन काढलं आणि लिहिलं: 'गाडीतील कोणत्याही वस्तूवरील प्लास्टिक कोणत्याही परिस्थितीत काढू नये.' खाली दोन रेघा मारल्या आणि सही केली, श. य. अमोलिक, निवृत्त मुख्याध्यापक.

"टेन्शन घेऊ नका सर," सर्व्हिस ॲडव्हायझर सुनील म्हणाला. "तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही सर."

चौतीस वर्षं पोरांनी सर म्हटलं, त्यात धाक होता. या सुनीलचं सर म्हणजे रडणाऱ्या पोराच्या पाठीवर थोपटल्यासारखं होतं. पण संध्याकाळी गाडी मिळाली. एसीची सफाई केली, फिल्टर नवा टाकला, सगळं ओके, असं सुनीलने सांगितलं. सर खुशीत निघाले. राहुरी यायच्या आत त्यांच्या लक्षात आलं, की वास गेला आहे, आणि त्याच्याबरोबर वाराही गेला आहे. बटण चारवर फिरवलं की आत विमान उडाल्यासारखा आवाज, आणि जाळीपाशी हात धरला तर कुणी तरी फार लांबून फुंकर घालतंय एवढंच.

हन्नाबाई शास्त्रीय वृत्तीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटासा चाचणी-केक केला, वर एक गुलाब काढला, तो मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "चला नेवाशापर्यंत."

श्रीरामपूर येईपर्यंत गुलाब ताठ होता. टाकळीभानला त्याने मान कलती केली. नेवासा फाट्याच्या अलीकडे तो केकच्या कडेशी आला, थोडा थबकला आणि हन्नाबाईंच्या पदरावर उतरला. हन्नाबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नसल्या की सरांना जास्त घाम येतो.

"मी त्यांना सोडणार नाही," सर म्हणाले.

"आधी केक पोचवा," हन्नाबाई म्हणाल्या.

गाडी अंगणात येऊन थांबली, तसे शेजारचे श्रीमंत तात्या कुंपणापाशी आले. तात्यांचा ऊस सरांच्या भिंतीला लागूनच आहे, आणि सरांच्या घरात काय चाललंय हे सरांच्या आधी त्यांना कळतं.

"सर, ह्ये उंदराचं काम हाय," तात्या म्हणाले. "उसातनं आला, आत शिरला आन् गचकला. वास येत हुता का न्हाई?"

"येत होता."

"मंग! तंबाखूची पानं ठिवा बॉनेटमधी. परत न्हाई फिरकायचा."

"तात्या, उंदीर मेला असेल तर परत कसा फिरकेल?"

"त्याचं घरचं लोक येत्याल की."

सर गणिताचे माणूस, उंदरावर त्यांचा विश्वास नव्हता. पण लग्नाला एकोणीस दिवस उरले की माणूस पानं ठेवतो. वारा आला नाही. गाडीत तंबाखूचा भपकारा मात्र असा भरला, की त्या आठवड्यात श्रीरामपूरपर्यंत बरोबर आलेल्या पाळकसाहेबांनी दोनदा हुंगलं, सरांकडे बघितलं आणि खिडकी उघडली. रविवारी त्यांनी उतारवयात जडणाऱ्या सवयींवर उपदेश केला. संबंध उपदेशभर ते सरांच्या बाकाकडे पाहत होते.

भाजी घेऊन येणाऱ्या छबूबाईंचा उपाय वेगळा होता. "माठाला नाय का आपन वलं फडकं गुंडाळत? तसं पोतं टाका भिजवून गाडीच्या तोंडावर." सरांनी हाकलून दिलं. मग दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, टाकलं. शेवगाव रस्त्याला पोतं उडून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसलं, आणि तो जे बोलला ते सरांनी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या खेपेला सर वाटेत वितळलेला आणखी एक चाचणी-केक घेऊनच शोरूमला गेले. पुरावा म्हणून. सुनीलने एक थर्मामीटर काढला, एसीच्या जाळीत खुपसला आणि आकडा दाखवला.

"बघा सर. आठ डिग्री. पॅरामीटर ओके आहे सर."

"आठ डिग्री आहे, पण वारा कुठे आहे?"

"वाऱ्याचा पॅरामीटर नाही सर आमच्याकडे. बाहेरचं टेम्परेचरच जास्त आहे सर."

"मग मी एसी डिसेंबरात लावू?"

"डिसेंबरात तर मस्त चालेल सर."

सरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी डबा उचलला, तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, त्याच्या टेबलावर आपटला आणि झाकण काढलं. "हे बघा तुमच्या सर्व्हिसिंगचं फळ!" ते गरजले. आता शोरूमचा एसी असा होता, की आत मॅनेजर कोट घालून बसला होता. सर आपल्यावर कसा अन्याय झाला, हे बैठकीपासून नेवासा फाट्यापर्यंत क्रमवार सांगत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत केक घट्ट होत होता. अर्ध्या तासाने तो चाकूने कापण्याइतका झाला.

"पण सर, केक चांगला आहे की," मॅनेजर म्हणाला.

सर गाडीकडे जाऊन विम्याचे कागद घेऊन येईपर्यंत पुरावा संपला होता. सुनील बोट चाटत म्हणाला, "काकूंना सांगा सर, टेस्ट एक नंबर." मग त्यांनी एसीत गॅस भरून दिला. फिल्टर एकदा बघा, असं सर म्हणाले, तर सुनीलने बिलावर बोट ठेवलं. "फिल्टर तर नवीनच आहे ना सर, मागच्या आठवड्यातला. हे बघा, लिहिलंय." लिहिलेल्या गोष्टीपुढे सरांचं कधीच काही चालत नाही. सगळा जन्म त्यांनी लोकांना 'लिहून आणा' असंच सांगितलेलं.

गॅसने काही झालं नाही. घरी येतात तोच शोरूमचा फोन. "नमस्कार सर, मी राजनंदिनी बोलतेय. आमच्या सेवेला गुण द्यायचे आहेत, एक ते दहा. पहिला प्रश्न, तुम्ही दिलेल्या सूचनांचं आमच्या टीमने पालन केलं का?"

"शून्य!"

"सर, शून्य सिस्टीम घेत नाही. एकपासून सुरू होतं."

"बाई, मी चौतीस वर्षं शून्य दिलेत. सरपंचाच्या पोराला दिलाय. एकाही बापाच्या सांगण्यावरून दिलेला गुण मी कधी बदललेला नाही."

"हो सर. मग एक लिहू?"

"सगळीकडे एक लिहा!" म्हणून सरांनी फोन ठेवला. राजनंदिनीचा आवाज गोड होता, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

तिसऱ्या खेपेला शोरूमने आतली पंख्याची मोटर कमजोर असल्याचं जाहीर केलं. नवीन पार्ट कंपनीकडून मागवावा लागेल, दहा दिवस. लग्नाला नऊ दिवस उरले होते. सर त्या दिवशी जे ओरडले, त्यात त्यांचा आवाज बसला तो बसलाच. सुनीलने त्यांना पाणी दिलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. इतका अपमान सरांचा कधी झाला नव्हता. चिडलेल्या माणसावर कुणी उलटून ओरडलं तर बरं वाटतं. पाणी देणाऱ्या माणसाचं काय करायचं?

मग सरांनी त्यांना येत असलेली एकमेव गोष्ट केली. ते लिहायला बसले. 'मा. अध्यक्ष, ग्राहक तक्रार निवारण' असा मायना घालून अकरा पानी तक्रार झाली. परिशिष्ट अ ते ट, पाठीमागे वितळलेल्या गुलाबाचे फोटो. 'अक्षम्य हलगर्जीपणा' हा शब्दप्रयोग सात वेळा आला. घरात लग्न, मांडववाला दारात उभा, पाहुण्यांच्या गाद्या मोजायच्या, आणि सर परिशिष्टांना दोरा ओवत होते.

हन्नाबाईंनी तीन दिवस हे बघितलं. चौथ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "केकची सोय झाली. गहिनीनाथ नेणार आहे."

"कोण गहिनीनाथ?"

"दूध डेअरीचा. त्यांची ती थंड गाडी आहे ना, दूध-पनीर नेतात ती."

सर उभे राहिले. त्या गाडीवर दोन्ही बाजूंनी हसरी गाय काढली होती. गाईच्या तोंडून 'आमचं दूध, तुमची ताकद' असं वाक्य निघत होतं. जेनिफरचा केक, हन्नाबाईंच्या तीस वर्षांच्या हातचा सगळ्यात मोठा केक, त्या गाईच्या पोटातून शेवगावच्या चर्चपुढे उतरणार, आणि पायरीवर सिल्व्हियाबाई उभ्या असणार. 'आमच्या गाडीला एसी आहे' हे वाक्य त्यांना पाठ असणार.

"ते होणार नाही," बसलेल्या आवाजात सर म्हणाले.

आता हन्नाबाई चिडल्या. तीस वर्षांत एवढ्या चिडलेल्या सरांनी पाहिल्या नव्हत्या. "काय होणार नाही? माझ्या लेकीचा केक उभा पोचला पाहिजे, एवढंच मला कळतं. तुम्हाला तुमची गाडी पोचवायचीय, तुमचं वाक्य पोचवायचंय, तुमची ती अकरा पानं पोचवायचीत! बावीस वर्षांपूर्वी मी पोरीला शब्द दिलाय. त्यात गाडीचा विषय नव्हता." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. ती आधीच घासलेली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गहिनीनाथ केकच्या खोक्यांची मापं घ्यायला आला. डेअरीची सगळी यंत्रं तोच बघायचा, दुधाच्या टाक्या थंड ठेवायच्या, गाडी थंड ठेवायची. उंचपुरा, कमी बोलणारा गडी. मापं घेऊन बाहेर पडताना त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

"ही काय नादुरुस्त हाय व्हय?"

सरांना कुणी विचारायचीच खोटी होती. त्यांनी वासापासून सुरुवात केली, उंदीर, पोतं, थर्मामीटर, गॅस, मोटर, सगळं सांगितलं. गहिनीनाथने मध्येच हात वर केला.

"आठ डिग्री हुतं म्हन्ता?"

"आठ."

"मंग थंडी हाय. वारा न्हाई. वारा आत कुठनं घेतीया ही?"

हा प्रश्न चोवीस दिवसांत सरांना कुणीच विचारला नव्हता. गहिनीनाथ पुढच्या सीटपाशी गुडघ्यावर बसला. प्लास्टिक चर्रर्र वाजलं. त्याने समोरचा कप्पा उघडला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला, आत हात घातला आणि एक चौकोनी फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर कोरा करकरीत होता. पांढराशुभ्र, घडीघडीचा. तो आपल्या पारदर्शक पिशवीत बंद होता, चारी बाजूंनी चिकटवलेला, वर चंदेरी स्टिकर. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसाच.

"पिशवीसकट बसवलाय," गहिनीनाथ म्हणाला. "वारा यायचा कुठनं? कडेकडेनं झिरपतोय तेवढाच."

 आनंदाने सर नाचायचेच बाकी राहिले. "बघ! बघितलंस हन्ना! अक्षम्य हलगर्जीपणा! नवा फिल्टर आणि पिशवी काढायची अक्कल नाही! शेंबड्या पोराला कळतं हे! तीन वेळा गाडी नेली, तीन वेळा! आता मी त्यांना सोडतो होय!" त्यांनी आतून तक्रारीची फाईल आणली. श्रीमंत तात्याही कुंपणावरून आत आले होते. "नाव पाहिजे मला. कोणत्या गाढवाने हे बसवलं त्याचं नाव. जॉबकार्डवर असतं. परिशिष्ट अ!"

हन्नाबाईंनी ओले हात पदराला पुसले, फाईल घेतली आणि परिशिष्ट अ उघडलं. त्या वाचत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी ते मोठ्याने वाचलं, वर्गात धडा वाचावा तसं, सावकाश.

"गाडीतील कोणत्याही वस्तूवरील प्लास्टिक कोणत्याही परिस्थितीत काढू नये. खाली दोन रेघा."



"लाल शाईत हाय," तात्या डोकावून म्हणाले. "अक्षर मोत्यावानी हाय, सर."

सरांनी तोंड उघडलं. कोणतीही परिस्थिती म्हणजे ही परिस्थिती नव्हे, असं काही तरी त्यांना म्हणायचं होतं. शोरूमवाले मूर्ख होतेच, आहेतच, आंधळ्यासारखं सांगितलेलं करणारा मेकॅनिक मेकॅनिकच नव्हे, हे सगळं खरं होतं आणि त्यांच्या जिभेवर होतं. पण चौतीस वर्षं त्यांनी पोरांना हेच बजावलं होतं, की प्रश्नात लिहिलंय तेवढंच करा, स्वतःचं डोकं चालवू नका. एवढ्या वर्षांत त्या सांगण्याप्रमाणे शंभर टक्के वागलेला हा पहिला माणूस भेटला होता, आणि तो नेमका शोरूममध्ये भेटला होता. सरांना इतका राग आला होता, की तो कुणावर काढावा हेच कळेना. 

गहिनीनाथने पिशवी फाडली, फिल्टर परत बसवला आणि गाडी चालू केली. बटण एकवरच ठेवलं. समोरच्या जाळीतून असा गार झोत आला, की तात्यांची टोपी मागे सरकली आणि तंबाखूचं एक वाळकं पान उडून सरांच्या शर्टावर बसलं.

हन्नाबाई स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. आधी मागच्या सीटचं प्लास्टिक कापलं, मग पुढच्या, मग दारांचं. सहा वर्षांची प्रत्येक दुपार, प्रत्येक चिकटलेली पाठ त्या कात्रीत होती. सर बघत राहिले. स्क्रीनवरचा पापुद्रा हन्नाबाईंनी नखाने टोक धरून एका दमात ओढला. शेवटी त्या मागे सरकल्या आणि पहिल्यांदाच थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "सीट निळ्या आहेत."

सर वाकून बघायला लागले. सहा वर्षं त्यांना त्या राखाडी वाटत होत्या.

तेवीस मेला सकाळी आठला तीन खोकी मागच्या निळ्या सीटवर ठेवली गेली आणि हन्नाबाई मधोमध बसल्या, दोन्ही हात खोक्यांवर. दुधाची गाडी हन्नाबाईंच्या आज्ञेने मागोमाग येत होती, रिकामी, काही झालंच तर असावी म्हणून. सर आरशात त्या हसऱ्या गाईकडे बघायचं टाळत होते. टाकळीभान गेलं, नेवासा फाटा गेला, कुकाणा गेलं. हन्नाबाईंना हुडहुडी भरली तरी त्यांनी बटण कमी करू दिलं नाही. शेवगावला चर्चच्या पायरीवर सिल्व्हियाबाई उभ्या होत्या. खोकी आत नेऊन उघडली, मजल्यावर मजला चढला, आणि शेवटचा गुलाब हन्नाबाईंनी बोट लावून पाहिला. तो ताठ होता. पांढऱ्या साडीतली जेनिफर केकपुढे उभी राहिली आणि पाच वर्षांची असताना रडली होती तशीच रडली. सिल्व्हियाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "बाई, हा बेकरीवाल्याच्या बापाला जमला नसता." हन्नाबाईंनी नुसती मान हलवली. 

सर त्या वेळी तिथे नव्हते. ते गाडीत बसून होते, एसी चालू ठेवून. आत जायला त्यांना थोडा वेळ पाहिजे होता. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर, मी राजनंदिनी बोलतेय. तुमची मोटर आली आहे सर, एक दिवस आधीच. कधी येताय बसवायला?"

"मोटर नको. गाडी दुरुस्त झाली."

"अरे वा! काय प्रॉब्लेम होता सर?"

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दुधाची गाडी सावलीत उभी होती आणि गाय हसत होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अकरा पानं तयार होती, दोरा ओवलेला होता, आणि परिशिष्ट अ फाडून टाकायला एक सेकंद पुरला असता. काल अंधार पडेपर्यंत त्यांनी याचा विचार केला होता, आणि विचार केल्याची त्यांना अजून लाज वाटत होती.

"मागच्या वेळी तुम्ही गुण विचारले होते," ते म्हणाले. "पहिला प्रश्न काय होता?"

"तुम्ही दिलेल्या सूचनांचं आमच्या टीमने पालन केलं का. तुम्ही एक दिला होता सर."

"तो बदलायचाय."

"बदलायचाय?"

"हो," सर म्हणाले. बसलेला आवाज आणखीच खोल गेला होता. "दहा करा."

पलीकडून टकटक ऐकू आली. "झालं सर. थँक्यू सर! बाकीच्या प्रश्नांचेही दहा करू का?"

"बाकी सगळीकडे एकच ठेवा," सर कडाडले. "एकही गुण वाढवाल तर याद राखा!"

फोन ठेवून त्यांनी गाडी बंद केली. दार उघडून ते उतरले. सीटचा कसलाही आवाज झाला नाही, म्हणून ते दचकून एकदा मागे वळले, आणि मग लेकीच्या लग्नाला आत गेले.